जुनं जेट घेताय? रंग राहू दे, आधी दाराचं रबर बघा

गेल्या अंकात मी सहज जाता जाता लिहिलं की आमच्या विचिटात (अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात) चाळिशी ओलांडलेली सायटेशन, म्हणजे सेसना कंपनीची छोटी जेट विमानं, अजून मजेत उडतायत, तर त्यावर एवढे मेल आले की हा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पाच निवडलेत.

प्रश्न: काका, आम्ही तिघं मित्र, तिघांकडे पायलट लायसन्स, मी सेसना १८२ म्हणजे एका इंजिनाचं छोटं पंख्याचं विमान उडवतो, इन्स्ट्रुमेंट आणि मल्टी-इंजिन रेटिंग पण झालंय. १९७८चं सायटेशन वन एसपी विकायला आलंय आणि किंमत ऐकून विश्वासच बसेना, कोथरूडला जो थ्री बीएचके बघत होतो जवळपास त्याच भावात! बायको म्हणते हत्ती दारात बांधायचे धंदे आहेत. खरंच एवढं वाईट आहे का? (एक वाचक, डॅलस)

उत्तर: वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्यांना विमानातलं कळत नसेल पण हत्तीतलं बरोबर कळतं. हत्ती स्वस्तच मिळतो हो, चारा महाग असतो.

बघा, सायटेशन पहिल्यांदा उडालं १९६९ साली, आणि तुमचं एसपी म्हणजे मॉडेल ५०१, जे कागदोपत्री एकट्या पायलटला उडवता येतं. जाहिरातीत नुसतं ५०० लिहिलं असेल तर आधी नीट विचारा, कारण दिसायला दोन्ही सारखीच पण ५००ला मुळात दोन पायलट लागतात, एकट्याने उडवायचं तर वेगळी सूट घ्यावी लागते. टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारच्या विमानाची वेगळी परीक्षा, तर दोन्हीला लागतंच, जेट आहे ना. आणि इन्शुरन्सवाला तुमचे १८२चे तास बघून गालातल्या गालात हसेल, पहिलं वर्षभर तरी शेजारी अनुभवी पायलट बसवा म्हणेल आणि दरवर्षी सिम्युलेटरला पाठवेल. त्याचं ऐका, तो तुमच्या भल्याचंच सांगतोय, स्वतःच्या पैशासाठी का होईना.

आता चारा. इंजिनं प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची जेटी१५डी, अतिशय गुणी इंजिन, पण साधारण ३,५०० तासांना ओव्हरहॉल आणि मधे अर्ध्यावर हॉट सेक्शनची, म्हणजे आतल्या तापणाऱ्या भागाची तपासणी. ओव्हरहॉल आलं की एका इंजिनाचं बिल कधी कधी अख्ख्या विमानाच्या किमतीला जाऊन भिडतं, म्हणूनच तर दोन्ही इंजिनं संपत आलेली विमानं एवढी स्वस्त मिळतात, आणि शेवटी कोणीतरी ती सुटे भाग काढायलाच विकत घेतं. लॉगबुक घेऊन बसा आणि सगळ्यात आधी इंजिनाचे तास बघा. मग फेज इन्स्पेक्शन, म्हणजे विमानाच्या टप्प्याटप्प्याच्या पाच तपासण्या, एक ते चार दर ३०० तासांनी किंवा दोन वर्षांनी, आणि पाचवी मोठी, १,२०० तास किंवा तीन वर्षं. विमान उडवा नाहीतर झाकून ठेवा, कॅलेंडर चालूच राहतं. पेट्रोल (हो, केरोसीन आहे ते, पण आपण पेट्रोलच म्हणतो) पहिल्या तासाला साधारण दीडशे गॅलन आणि वर पोचल्यावर तासाला शंभरेक.

पण हे सगळं तुम्हाला ब्रोकर पण सांगेल, मला सांगायचंय ते वेगळंच. जुन्या जेटचं वय जमिनीवर दिसत नाही, ४१,००० फुटांवर दिसतं. बाहेर उणे ५६ डिग्री, बाहेरच्या हवेचा दाब जेमतेम अडीच पौंड, आणि आत तुम्ही ८,००० फुटांची हवा धरून बसलेले, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंचीवर असल्यासारखे. पत्र्याच्या प्रत्येक चौरस इंचावर आठ-साडेआठ पौंडांचा फरक, गेली ४५ वर्षं, प्रत्येक फ्लाइटला फुगायचं आणि बसायचं. दाराच्या कडेने हवा भरणारी रबरी सील असते, ती कडक होते, चिरते. मागच्या आऊटफ्लो व्हॉल्व्हवर (केबिनमधली हवा बेताने बाहेर सोडणारी झडप) त्या काळातल्या साहेबलोकांनी केबिनमधे ओढलेल्या सिगारेटींचं डांबर चिकटलेलं असतं, ऐकायला गंमत वाटेल पण व्हॉल्व्ह अडकतो तो त्यानेच.

मी एकाबरोबर असंच एक विमान बघायला गेलो होतो, नवा कोरा रंग, नवं लेदर, आत नव्या गाडीसारखा वास. वर गेलो आणि ३७,०००ला दाराजवळून बारीक शिट्टी सुरू झाली, कुकरची असते ना तशी, आणि केबिनमधली हवा किती फुटांवरची आहे ते दाखवणारी सुई हळूहळू वर सरकायला लागली. मालक म्हणे तो आवाज नेहमीचाच आहे. कागदावर तर तपासणी झालेली होती, सहीशिक्का सगळं! आम्ही खाली आलो, चहा घेतला आणि घरी गेलो.

तेव्हा घ्यायच्या आधी विमान पूर्ण उंचीवर न्या, तिथे एक इंजिन आयडलला म्हणजे अगदी मंद करा आणि एका इंजिनाच्या हवेवर केबिनचा दाब टिकतो का ते बघा (केबिनमधली हवा इंजिनांतूनच येते), मग दुसरं. विकणारा कां कूं करायला लागला तर तिथेच काय ते समजा. आणि तिघांत घेताय तर खर्चाचं लेखी करा, मैत्री टिकवायची असेल तर.

प्रश्न: सर, मी बारावीत आहे, मला पायलट व्हायचंय. एवढी छोटी जेट एवढ्या उंच कशाला जातात? आणि मोठ्या विमानांच्या पण वरून जातात हे खरं का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: खरंय. जेट इंजिन खाली बकासुर असतं, वर गेलं की शहाण्यासारखं खातं, आणि हवा विरळ म्हणून विमानाला अडवणारं पण कमी. पाचशे गॅलनच्या टाकीत हजार-बाराशे मैल जायचं असेल तर वर जाण्यावाचून गत्यंतरच नाही.

उंचीचा खरा राजा म्हणजे लियरजेट, पहिलं इथेच विचिटात ७ ऑक्टोबर १९६३ला उडालं. इंजिन जनरल इलेक्ट्रिकचं सीजे६१०, मूळ लष्करी जे८५ तेच, आणि त्या वीसच्या मालिकेतल्या (लियर २३, २४, २५ वगैरे) नंतरच्या मॉडेलांना ५१,००० फुटांपर्यंत परवानगी होती! प्रवासी विमानं दहा हजार फूट खाली. पण आवाज असा की कान किटतील, म्हणून २०१५ संपल्यावर अमेरिकेत सायलेन्सरचं किट बसवल्याशिवाय ती उडवायला बंदीच झाली.

आता वर काय गंमत होते बघ. विमान फार हळू गेलं तर स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला उचलून धरत नाहीत, फार जोरात गेलं तर पंखावरची हवा आवाजाच्या वेगाला टेकते आणि विमान थरथरायला लागतं. खाली या दोन्हींच्या मधे भरपूर जागा असते, वर जाशील तशी ती दोन्ही बाजूंनी आवळत जाते, ताम्हिणीत रस्ता कसा अरुंद होतो, एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे दरी, तसं. त्याला कॉफिन कॉर्नर म्हणतात, नावातच सगळं आलं. २००४च्या ऑक्टोबरमधे एका रीजनल कंपनीचे दोन पायलट रिकामं विमान पोचवायला निघाले होते, गंमत म्हणून ४१,०००ला नेलं, चढता चढता वेग गेला, स्टॉल झालं, दोन्ही इंजिनं बंद पडली ती परत सुरूच झाली नाहीत. मिसूरीत जेफरसन सिटीला पडलं, दोघेही गेले. विमान ठणठणीत होतं आणि ४१,००० त्याच्या मर्यादेतच होते. फिजिक्स नीट कर, पाठ करू नकोस.

प्रश्न: माझे मिस्टर त्यांच्या पार्टनरचं जुनं सायटेशन एकटेच उडवतात, कधी कधी मुलं पण बरोबर असतात. २०२३ला वॉशिंग्टनवरून ते विमान गेलं त्याच्यानंतर मला झोप लागत नाही. ते म्हणतात तुला काय कळतं. मी नेमकं काय विचारू त्यांना? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: ताई, बाकीच्यांसाठी आधी दोन ओळीत सांगतो. ४ जून २०२३, टेनेसीतून लाँग आयलंडला निघालेलं १९९०चं सायटेशन, एकच पायलट. ३४,००० फुटांकडे चढत असतानाच रेडिओला उत्तर येणं बंद झालं, विमान ठरलेल्या मार्गाने लाँग आयलंडपर्यंत गेलं, आपणहून वळलं आणि वॉशिंग्टनवरून सरळ निघालं, एफ-१६ लढाऊ विमानं पाठवली त्यांचा आवाज अख्ख्या शहराने ऐकला, शेवटी व्हर्जिनियात पडलं, चौघं गेले. तपासात आलं की केबिनमधला दाब गेला आणि पायलट बेशुद्ध झाला. आणि मला हादरवलं ते पुढचं, काही आठवडे आधीच्या तपासणीत दिसलं होतं की पायलटच्या बाजूचा ऑक्सिजन मास्कच बसवलेला नाही आणि सिलिंडरमधे पुरेसा दाब पण नाही. २५ ऑक्टोबर १९९९ला गोल्फर पेन स्ट्युअर्ट ज्यात गेला ते लियर ३५ पण असंच ऑरलँडोहून निघून थेट साउथ डाकोटापर्यंत आपलं आपण उडत राहिलं होतं.

३५,०००ला दाब गेला तर माणूस अर्धा ते एक मिनिट कामाचा राहतो, ४०,०००ला पंधरा-वीस सेकंद. आणि झटक्यात गेला तर याच्याही निम्मं. पण धाडकन जाणं परवडलं, निदान कळतं तरी! हळूहळू जातो तेव्हा माणसाला छान वाटत असतं. मी स्वतः ओक्लाहोमा सिटीत एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) चेंबरमधे बसलोय, २५,००० फुटांची हवा करतात आणि मास्क काढून काहीतरी लिहायला लावतात. मी म्हटलं आपण एकोणतीसचा पाढा लिहू, शाळेत छड्या खाऊन पाठ केलाय. सुरेख चाललंय असं वाटत होतं, एवढं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मास्क लावल्यावर कागद बघितला तर ‘एकोणतीस सत्ते’ चार वेळा लिहिलेलं आणि एकदाही पुढे उत्तर नाही.

तर मिस्टरांना हे विचारा. सिलिंडरमधे आज दाब किती होता? उडायच्या आधी मास्क तोंडाला लावून श्वास घेऊन बघितला का, त्याच्या माईकवरून बोलून बघितलं का? तो मास्क एका हाताने पाच सेकंदात लागायला हवा, घरी सोफ्यावर लावून दाखवा म्हणा, चष्मा घालून. ३५,०००च्या वर पायलट एकटा असेल तर मास्क तोंडावर लावूनच उडवायचं असा नियमच आहे, आणि एकटे उडणारे किती जण तो पाळतात ते मला विचारू नका. मास्क नाकाला टोचतो, पाणी पिता येत नाही, सगळं मान्य, मग ३४,०००ला जा, चार गॅलन जास्त जळतील. शेवटचं म्हणजे १०,०००ची केबिन वॉर्निंग (केबिनमधली हवा १०,००० फुटांवरच्यासारखी विरळ झाली की वाजते ती) वाजली तर पहिलं काय करणार? उत्तर ‘चेकलिस्ट काढणार’ किंवा ‘सेंटरला (म्हणजे जमिनीवरच्या ट्रॅफिक कंट्रोलला) विचारणार’ असं आलं तर मुलांना घरी ठेवा. पहिलं मास्क, मग थ्रॉटल मागे, स्पीडब्रेक बाहेर आणि नाक खाली, बोलणं नंतर.

आणि ‘तुला काय कळतं’चं उत्तर मी देत नाही, ते तुम्ही बघून घ्या.

प्रश्न: भाचा म्हणतो जुन्या जेटना २८,०००च्या वर येऊच देत नाहीत. मग ती घेऊन उपयोग काय? (एक निवृत्त वाचक, पुणे)

उत्तर: भाचा अर्धा बरोबर. २९,००० ते ४१,०००च्या पट्ट्यात पूर्वी विमानांमधे २,००० फुटांचं अंतर ठेवत, अमेरिकेत २० जानेवारी २००५पासून ते १,०००वर आणलं, म्हणजे आरव्हीएसएम. मग अल्टिमीटर तेवढे अचूक हवेत, जुन्यांचे नव्हते, बदलायला पैसे मजबूत. ज्यांनी बदलले नाहीत ते २८,०००ला अडकले, तिथे इंजिन बकासुरासारखं खातं, रेंजची वाट लागते. वीसच्या मालिकेतली लियरवाली मंडळी मात्र हुशार, ती पट्टा ओलांडून वरच निघून जायची. विमान घेताना आरव्हीएसएमच्या परवानगीचा कागद आहे की नाही तेवढं बघायचं.

प्रश्न: दोन प्रश्न. सायटेशनला पक्षी मागून येऊन धडकतात हा जोक खरा का, आणि आत बाथरूम असतं का? सासूबाई येणार आहेत. (एक वाचक, टोरांटो)

उत्तर: जोक सत्तरीच्या दशकातला आहे, लियरवाल्यांनी पसरवलेला. सरळ पंखांचं विमान, साडेतीनशे नॉटच्या आसपास जातं, लियरपुढे बैलगाडीच. पण तेच पंख छोट्या धावपट्टीवर अलगद उतरवतात, लियर तिथे घाम फोडायचं.

बाथरूम म्हणजे पडदा ओढून एक सीट, झाकण उघडलं की झालं, आणि ते सुद्धा सगळ्यांत नसतं. सासूबाईंना निघायच्या आधीच जाऊन यायला सांगा. ते रिकामं करायचं काम लहान विमानतळावर कोणी करत नाही, मालकच बादली घेऊन जातो, तेव्हा डॅलसवाल्या तिघांनी हेही लेखी घालून घ्या.