अ‍ॅम्प एकतीस किलोचा, म्हणून रॅक चौसष्ट हजारांचा?

पुण्यातल्या सिंहगड रोडवरून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "चार वर्षं जमवत आणलेली म्युझिक सिस्टिम आता पूर्ण झाली. पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) ३१ किलो, टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवणारं यंत्र) ११, प्रीअ‍ॅम्प (आवाज कमीजास्त करणारा) ९, सीडी प्लेअर ७, म्हणजे ५८ किलो, शिवाय ११० रेकॉर्ड. बहुतेक सगळं सेकंडहँड, तरी दीड लाख गेले. हे सगळं सध्या वडिलांच्या जुन्या टेबलावर आहे आणि टेबल मधोमध वाकलं आहे. ऑडिओच्या दुकानात ६४,००० चा रॅक पाहिला. बारा महिने नो-कॉस्ट ईएमआय, २,००० टोकन देऊन ठेवलं आहे. बायको म्हणते, ऑनलाइन साडेसहा हजारांचं टीव्ही युनिट मिळतंय, ते घ्या. तिला स्लॅबचीही काळजी वाटते. पगार हातात ६८,०००, गृहकर्जाचा हप्ता धरून खर्च ५४,०००. एफडी १,८०,०००. पॉवर अ‍ॅम्प क्रेडिट कार्डावर घेतला, त्याचे ३८,००० बाकी आहेत, दर महिन्याला मिनिमम भरतोय. काय करू?"

नमस्कार. आधी एक काम आजच्या आज करा. पॉवर अ‍ॅम्प टेबलावरून उतरवून जमिनीवर ठेवा. खाली प्लायचा तुकडा किंवा कडाप्पा टाका, म्हणजे लादी पुसताना पाणी लागणार नाही. एकट्याने उचलू नका. अ‍ॅम्प खाली आला की रॅकची घाई संपते. घाईत घेतलेली वस्तू महाग पडते, म्हणून हे आधी सांगितलं.

आता पैशांकडे. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा आकडा चौसष्ट हजार नाही, कार्डावरचे अडतीस हजार आहे. मिनिमम भरत राहिलं की उरलेल्या रकमेवर साधारण साडेतीन टक्के महिन्याला व्याज लागतं. स्टेटमेंटवर तुमचा नेमका दर छापलेला असतो, तो पाहून घ्या. साडेतीन टक्क्यांनी ३८,००० वर १,३३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला जवळपास १,५७० रुपये नुसते जळतात. भरीला, बाकी शिल्लक असेपर्यंत त्या कार्डावरच्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा घेतला तरी पहिल्या दिवसापासून मीटर चालू. उलट एफडीतल्या तेवढ्याच ३८,००० वर, पावणेसात टक्के धरले तर, महिन्याला सव्वादोनशेच्या आतच व्याज मिळतं. एफडी मोडायची नाही हा संस्कार चांगला आहे, आपल्या आईवडिलांची घरं त्यावर उभी राहिली. पण इथे तो संस्कार तुम्हाला महिन्याला तेराशे रुपयांना पडतो आहे. बँकेला विचारून तेवढीच रक्कम मोडून घ्या, अर्धा-एक टक्का दंड लागला तरी चालेल, आणि कार्ड पूर्ण भरून टाका. एफडीत १,४२,००० राहतील, म्हणजे अडीच महिन्यांचा खर्च. ते कमीच आहे. म्हणूनच रॅकला किती द्यायचे याला मर्यादा येते.

नो-कॉस्ट ईएमआयचं गणितही मांडून पाहू. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. होतं असं की, बँक व्याज लावतेच आणि दुकानदार तेवढी सूट किमतीत दाखवतो. समजा बँकेचा दर १६ टक्के आहे. तुमचा हप्ता ५,३३३ रुपये. बारा हप्त्यांच्या ६४,००० मध्ये मुद्दल सुमारे ५८,८०० आणि व्याज सुमारे ५,२००. या व्याजावर जीएसटी सव्वानऊशेच्या पुढे, वर प्रोसेसिंग फी, आणि हे दोन्ही तुमच्या खिशातून. शिवाय रोखीने घेणाऱ्याला दुकानदार जी चार-पाच हजारांची सूट देऊ शकला असता, ती तुमच्या हातून गेली. तरीही मी म्हणेन की खरी अडचण हे हजार-पाच हजार नाहीत. महिन्याला चौदा हजार वाचतात, त्यातले सव्वापाच हजार वर्षभर बांधले जातील, आणि त्याच वर्षात एफडी पुन्हा भरायची आहे. म्हणून चौसष्ट हजारांचा रॅक आत्ता नको.

पण साडेसहा हजारांचं टीव्ही युनिटही नको. त्यात बचत नाही, धोका आहे, आणि हे वहिनींना नीट समजावून सांगा, कारण त्यांचा मूळ मुद्दा बरोबर आहे. या किमतीतली युनिट बहुधा पार्टिकल बोर्डची असतात, भुसा आणि गोंद दाबून केलेल्या फळीची. जाडी पंधरा मिलिमीटरच्या आसपास, आणि फळी चार फूट लांब, मधे आधार नाही. तेवढ्याच वजनाखाली फळी किती वाकेल हे लांबीच्या घनावर ठरतं. लांबी दुप्पट झाली की वाक आठपट. जाडीचंही तसंच, फक्त उलट दिशेने. १८ मिलिमीटरची दोन फुटी फळी आणि १५ मिलिमीटरची चार फुटी फळी एकाच मालाच्या धरल्या, तरी दुसरी चौदापट जास्त वाकेल. त्यात भुशाची फळी प्लायपेक्षा मऊ, वजनाखाली महिनोन्‌महिने हळूहळू बसत जाणारी, आणि पावसाळ्यात कडेने पाणी ओढून फुगणारी. स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा धरत नाही. टीव्ही युनिट टीव्हीसाठी चांगलंच आहे. आजचे टीव्ही हलके असतात.

लोखंडी अँगलचे, भोकाभोकांचे गोदामी रॅकही तुमच्या डोक्यात येतील. स्वस्त आहेत आणि "एका खणाला शंभर किलो" असं विक्रेता सांगतो. ते शंभर किलो खणभर सारखे पसरलेले असले तर. तुमचा अ‍ॅम्प चार पायांवर उभा राहतो आणि पातळ पत्रा त्या चार जागी दबतो. खोलीही अनेकदा बारा किंवा पंधरा इंच. अ‍ॅम्प तिथेच बाहेर डोकावतो. आडव्या धक्क्याने हे रॅक हलतात ते वेगळंच. टर्नटेबलसाठी तर अजिबात नको.

मग घ्यायचं काय? फॅब्रिकेटरकडून करून घ्या. एक इंची चौकोनी एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप, दोन मिलिमीटर जाडीचा. रॅक चोवीस इंच रुंद, वीस इंच खोल, साधारण तीस-बत्तीस इंच उंच, चार खण, प्रत्येक खणाखाली मधे एक आडवी पट्टी. मी पाइपची लांबी मोजली तर चौदा मीटर भरते, म्हणजे वीस किलो लोखंड. फॅब्रिकेटर किलोवर भाव सांगतात. काम लहान असल्याने तुम्हाला अंगावर, म्हणजे सगळं मिळून एकच रक्कम सांगतील. साडेतीन हजार धरा. पावडर कोटिंग हजार. १८ मिलिमीटरचं प्लाय साडेतेरा चौरस फूट लागतं, त्याचे अठराशे. लॅमिनेट, कडेची पट्टी आणि सुताराची मजुरी बाराशे. खाली-वर होणारे चार पाय चारशे, टेम्पो सहाशे. साडेआठ हजार झाले. भाव पाचशे-हजार इकडेतिकडे होतील. प्लायची अख्खी शीट घ्यायची गरज नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा जिथे एखाद्या फ्लॅटचं फर्निचर चालू आहे तिथल्या सुताराकडे उरलेले तुकडे मिळतात. आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का दिसला तर उत्तम.

टर्नटेबलखाली मात्र एक चैन करा, ती चारशे रुपयांत होते. ग्रॅनाइटवाल्याकडे किचन ओट्यात सिंक बसवण्यासाठी कापून काढलेले तुकडे पडलेले असतात. साधारण वीस बाय सतरा इंचांचे, अठरा मिलिमीटर जाडीचे, दहा-अकरा किलोचे. कडा घासून घ्या, खाली चार रबरी पॅड ठेवा. चालताना लादी हलली की सुई उडते. ती उडू नये म्हणून वरच्या खणाला हे वजन कामाचं आहे. मी स्वतः रेकॉर्ड ऐकतो, म्हणून ठामपणे सांगतो: रॅकने फरक पडतो तो टर्नटेबलला. सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) अ‍ॅम्पचा आवाज रॅक बदलल्याने सुधारेल, या भरवशावर पन्नास हजार घालू नका. अ‍ॅम्पला हवा लागते, तीही वरून पाच-सहा इंच मोकळी. ती द्या.

मापं घेताना अ‍ॅम्पची खोली मागच्या वायरींसकट मोजा, तीन-चार इंच तिथे जातात. सांधे नुसते टॅक न करता चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड करायला सांगा. पावडर कोटिंगला जाण्याआधी फॅब्रिकेटरच्या दुकानात जा. समोरचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, ते सारखे हवेत. कोपरा धरून हलवा. मग फॅब्रिकेटरसमोरच वरच्या चौकटीवर एक फळी टाका, आधाराला हात धरून तिच्यावर उभे राहा. तुमचं वजन त्या खणावर येणाऱ्या वजनाच्या तिप्पट तरी असेल. करकर वाजलं किंवा डोललं तर सांधा तिथेच दुरुस्त करून घ्या. अर्धे पैसे तोपर्यंत हातात ठेवा.

रेकॉर्डचं वजन तुम्ही धरलेलंच नाही. कव्हरसकट एक रेकॉर्ड पाव किलोच्या आसपास, म्हणजे ११० रेकॉर्ड सत्तावीस-अठ्ठावीस किलो. जवळजवळ दुसरा पॉवर अ‍ॅम्पच. त्या या रॅकवर नकोत. भिंतीतल्या कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात उभ्या ठेवा. रॅकवर पॉवर अ‍ॅम्प तळाला, वर सीडी प्लेअर, मग प्रीअ‍ॅम्प, माथ्यावर टर्नटेबल. घरात लहान मूल असेल तर वरची चौकट एका क्लॅम्पने भिंतीला बांधा.

स्लॅबची काळजी वहिनींनी सोडावी. राहत्या खोल्यांसाठी आपल्याकडच्या मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. यंत्रं, ग्रॅनाइट आणि रॅक मिळून शंभर किलोच्या आसपास, तेही भिंतीलगत. पुस्तकांनी भरलेलं कपाट याहून जड असतं.

विम्याचंही एक सांगतो, कारण यातून रॅकची खरी किंमत कळते. एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी देतात. घराच्या विम्यासोबत घरातल्या सामानालाही त्यात विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. आग, पूर, भूकंप असली संकटं त्यात बसतात. फळी मोडून अ‍ॅम्प पडला तर ते नुकसान त्यात बसत नाही. दीड लाखांच्या यंत्रांना पडण्यापासून वाचवणारी गोष्ट म्हणजे हा रॅकच. म्हणून त्यावर नऊ हजार घालायला मी बिचकत नाही, आणि साडेसहा हजारांच्या युनिटला नाही म्हणतो.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात कार्ड फेडा. पुढच्या पगारातल्या बचतीतून रॅक रोखीने करून घ्या. त्यानंतरचे तीन महिने चौदा हजार एफडीत, म्हणजे मोडलेली रक्कम भरून निघेल, आणि पुढेही चालू, निदान सव्वातीन लाख, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, होईपर्यंत. तेवढं जमलं आणि तो दुकानातला रॅक तेव्हाही हवासा वाटला, तर रोखीने आणि घासाघीस करून घ्या. आवडीची वस्तू घेण्याला माझा विरोध नाही.

राहिले टोकनचे दोन हजार. ते गेले म्हणून बासष्ट हजार आणखी घालायचे नसतात. दुकानदाराला फोन करून सरळ सांगा की रॅक घेत नाही. परत देत नसेल तर त्याच रकमेत दुसरी वस्तू मागा. टर्नटेबल सेकंडहँड आहे, तेव्हा सुई किती चालली आहे हे तुम्हाला माहीत नसणार. तुमच्या कार्ट्रिजला (सुई धरणाऱ्या भागाला) बसणारी नवी सुई त्याच्याकडे असेल तर दोन हजार तिच्यात वळते करून घ्या.