युरिया सोडला तर जग उपाशी मरेल का?

प्रश्न : काका, निफाडजवळ आमची अडीच एकर जमीन आहे, कांदा करतो. मुलगा म्हणतो, यंदापासून रासायनिक खत बंद. जगात एवढे लोक उपाशी असताना कमी पिकवायचं, हे चोचले नाहीत का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ताई, मी मुलाच्या बाजूचा. फक्त त्याचं ते ‘यंदापासून’ मला पटत नाही. 2021 मध्ये श्रीलंकेनं असाच एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी घातली. भात घटला, शेतकरी रस्त्यावर आले आणि वर्ष संपायच्या आत निर्णय फिरवावा लागला.

आता उपाशी लोकांचं. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने 2024 मध्ये ते सुमारे 67 कोटी होते. जगात धान्य पिकतं वर्षाला 280 कोटी टनांच्या आसपास. भागाकार करून पाहा, माणशी रोज जवळजवळ किलोभर येतं. एवढं खातं कोण? बरंचसं जनावरांच्या खाद्यात आणि इंधनात जातं, उरलेलं ज्याच्या खिशात पैसा त्याच्या ताटात. बहात्तरच्या दुष्काळात मी मिलो खाल्लाय, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. भाकरी घशाखाली उतरायची नाही. पैसेवाल्याच्या घरी तेव्हाही गहू होता.

माझंच सांगतो. चार वर्षांपूर्वी उन्हाळ कांद्याला युरियाचा एक डोस जास्त दिला, तोही उशिरा. कांदा असा पोसला की येणारे-जाणारे बांधावर थांबायचे. श्रावणात कांदा साठवायच्या चाळीपाशी गेलो तर वास. वरून कोरडा दिसणारा कांदा दाबला की पाणी! तिसरा हिस्सा उकिरड्यावर ओतला. शेजाऱ्याचा शेणखतावरचा बारका कांदा दिवाळीपर्यंत टिकला. काट्यावर माझा जास्त भरला होता, ताटात त्याचा गेला. मग ताई, कमी पिकवलं कुणी?

मुलाला आधी अर्धा एकर द्या. माती तपासून घ्या. पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा आणि फुलावर आला की मातीत गाडा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, कच्च्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, होते (हेही मी भोगलंय). बाकीच्या दोन एकरांत अहवालात येईल तेवढाच युरिया, मनाने मूठभरही नाही.

चाळ भरताना दोन्हीकडचा कांदा वेगळा ठेवा, मध्ये बांबूची तट्टी लावा. आणि पोळ्याच्या सुमाराला मला कळवा, वास कुठल्या बाजूने येतोय.