गुलमर्गला स्कीइंगसाठी ताजी पावडर (नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ) गाठायची असेल तर

तारखा आधी पक्क्या करू नकोस, हे सगळ्यात महत्त्वाचं. चिल्लई कलान (काश्मीरातले डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेरचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस) म्हणजे बर्फ असणारच असं धरून लोक बुकिंग करतात, पण 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग बराच काळ चक्क कोरडं होतं, खरा बर्फ फेब्रुवारीत पडला. त्यापेक्षा वेस्टर्न डिस्टर्बन्सचा (पश्चिमेकडून येणाऱ्या, इथे बर्फ पाडणाऱ्या वादळी हवेचा) अंदाज बघत राहा आणि बदलता येणारं तिकीट काढ, थोडं महाग पडलं तरी चालेल.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- बर्फ सुरू झाल्यावर निघतात. मग श्रीनगरची विमानं रद्द आणि तंगमर्गच्या (गुलमर्गच्या पायथ्याचं गाव) वर टायरला चेन नसलेली गाडी जात नाही, सगळी मजा हॉटेलच्या खिडकीतून. बर्फ पडायच्या आदल्या दिवशीच वर पोच.
- दुसऱ्याच दिवशी अफरवटला, म्हणजे गुलमर्गच्या वरच्या डोंगरावर, जायचं ठरवतात. जोराचा वारा आणि हिमस्खलनाचा धोका असला की तिथे नेणाऱ्या गंडोलाचा (केबल कार) दुसरा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे हाताशी दोन-तीन दिवस जास्तीचे ठेव. तोवर पहिल्या टप्प्याखालच्या झाडीत छान पावडर मिळते, आणि वर काही दिसत नसतं तेव्हा झाडांमुळे उतार तरी कळतो.
- आभाळ उघडलं की उशिरा उठतात!! रांग सकाळीच लागते, आणि उन्हाकडचे उतार दुपारपर्यंत जड होतात.

दुसऱ्या टप्प्यावर हद्दीच्या दोरीपलीकडे गाईड आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं याशिवाय अजिबात नाही. आणि स्की पहिल्यांदाच लावणार असशील तर पावडर राहू दे, आधी खालच्या सपाट उतारावर थांबायला शीक.