लपून धावू नको

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. फोनवर एवढं बोलणं होणार नाही, म्हणून लिहायला बसले. "भरतीच्या पोरींमागं झेडपी शाळेच्या ग्राउंडवर तीन राउंड मारले, छातीत फडफड झाली, मग हापशीजवळ बसून राहिले, आईला सांगितलं नाही." एवढं एका ओळीत उरकून तू पुढं बूट कोणते घेऊ म्हणून विचारलंस. बुटांचं नंतर. तुझं हृदयाचं ऑपरेशन झालंय, म्हणून आधी त्या ओळीबद्दल बोलू.

मी असंच लपवलं होतं. बावन्नावं वर्ष होतं. पल्स पोलिओच्या रविवारी नर्स म्हणून बूथवर बसले होते. जबडा ठणकत होता आणि पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणी पाटा ठेवल्यासारखं जड झालं होतं. गावातल्या एखाद्या बाईनं हे सांगितलं असतं तर मी तिला तासाभरात तालुक्याला धाडलं असतं. बायकांचा हार्ट ॲटॅक कधीकधी असाच येतो, हे मीच आशाताईंना शिकवत होते. स्वतःच्या वेळी मात्र पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. आठ दिवस. घरात नणदेच्या मुलीचं लग्न होतं, मधे कशाला विघ्न म्हणून शब्द काढला नाही. नवव्या दिवशी ओसरीत कोसळले आणि पुढं तीन नळ्यांची बायपास झाली. हृदयाचा काही भाग त्या आठ दिवसांत कायमचा दुबळा झाला. तो मला परत मिळायचा नाही, म्हणून तुला इतकं सांगते आहे.

तुझं दुखणं माझ्यापेक्षा वेगळं आहे. माझ्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. तुझ्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त त्या भोकातून उजवीकडं जायचं आणि पुन्हा फुप्फुसात. उजव्या बाजूनं एकोणीस वर्षं हे जादा ओझं वाहिलं, म्हणून ती फुगली. आता ठिगळ लागलंय. त्यावर आतलं अस्तर धरायला साधारण सहा महिने लागतात, ते तुझे झाले. फुगलेला कप्पा मात्र सावकाश आकसतो. आणि भोक उशिरा बुजवलं की वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याची शक्यता मागं राहते. ती फडफड साधी धाप असेल, नाहीतर लय चुकली असेल. ग्राउंडवर बसून ते तुलाही कळणार नाही न् मलाही नाही.

म्हणून ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडं जा आणि फडफड जशी झाली तशी सांग. किती वेळ टिकली, ठोके नियमित होते की वेडेवाकडे, डोळ्यांपुढं अंधारी आली का. ईसीजी आणि 2डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईल. ठोके नोंदवायला चोवीस तास अंगावर लावून ठेवतात ते होल्टर लावायचं का, हे आपणहून विचार. इको झाला की फुप्फुसातला दाब किती आहे तेही विचार, दूर पल्ल्याचं धावायचं तर तो आकडा माहीत हवा. सगळं ठीक निघालं तर ट्रेडमिलवरची चाचणी घेतात. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो, आणि जोर वाढल्यावर हृदय काय करतं ते डॉक्टरांच्या नजरेसमोर दिसतं. हे सगळं होईपर्यंत चाल. धावू नको.

त्याच फेरीत हिमोग्लोबिन बघून घे. आपल्याकडच्या पुष्कळ पोरींचं बारापर्यंत पोचतच नाही आणि मग हृदयाला उगाच जादा राबावं लागतं. सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणीही कर. विदर्भात तो बराच आढळतो. वाहक असणाऱ्याला रोजच्या जगण्यात बहुधा काही जाणवत नाही, पण कडक उन्हात अंगाबाहेर जोर लावला तर तो कोसळू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबावर तपासणी होते, पैसे लागत नाहीत.

आता धावण्याचं. भरतीचं धावणं आणि तुला हवंय ते धावणं, ही दोन वेगळी कामं आहेत. त्या पोरींना 800 मीटर जीव तोडून काढायचे असतात, मार्क सेकंदांवर असतात. दहा किलोमीटर धावणाऱ्याला घाई करून चालत नाही. हॉस्पिटलनं हो म्हटलं की एक मिनिट सावकाश धाव, दोन मिनिटं चाल. असं दहा वेळा. आधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं नुसतं चालायचं. धावता धावता एकदम थांबायचं नाही. रक्त पायात साचतं आणि चक्कर येते. आठवड्यातून तीनच दिवस, तेही एक दिवसाआड. महिनाभर हेच चाललं तरी हरकत नाही.

वेग किती ठेवायचा याला माझी एक युक्ती आहे. मोबाइलवर 220 वजा वय असं नाडीचं गणित असतं, पण माझ्या गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, त्यामुळं ते मला लागू नव्हतं. तुझी अशी गोळी चालू असेल तर तुलाही नाही. बायपासनंतर मी धावायला लागले तेव्हा लसीकरणाचं वेळापत्रक मोठ्यानं म्हणायची. जन्मतः बीसीजी, दीड महिन्याला, अडीच महिन्याला, साडेतीन महिन्याला, नवव्या महिन्याला गोवर. 'साडेतीन महिन्याला' एका श्वासात निघालं नाही की चालायला लागायची. पहिल्या महिन्यात अडीचच्या पुढं जात नव्हते. तू कविता म्हण, पाढे म्हण, पण ओठातल्या ओठात नको, आवाज निघाला पाहिजे.

तू तो रॅनुल्फ फाइन्स या ब्रिटिश साहसवीराचा व्हिडिओ पाठवलास. 2003 च्या जूनमध्ये हार्ट ॲटॅक, बायपास, आणि त्याच वर्षी सात दिवसांत सात मॅरेथॉन. खरं आहे ते. पण तो माणूस त्याआधी आयुष्यभर ध्रुवांवर चाललेला होता. त्याचं पाहून तू कॅलेंडर आखू नको.

छातीचं हाड आता जुळलं असेल. आतल्या तारा जन्मभर राहतात, थंडीत कधी ओढ लागली तर घाबरू नको. मात्र भरलेली ओटी कमरेला बांधून कापसाची वेचणी करायला लागायच्या आधी डॉक्टरांना विचार. आणि बाईनं बाईला सांगायचं ते सांगते. पुढून हुक असलेली स्पोर्ट्स ब्रा घे. घामानं पट्टी वणावर घासते आणि कातडी सोलते, तिथं मऊ धुतलेल्या साडीची घडी ठेव. माझ्या वणाची वरची दोन बोटं जागा अजून लाल होते. बूट म्हणशील तर पायाला बसणारे, टाचेला मऊ. महागाची गरज नाही.

जागा मी शोधून ठेवली आहे. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून रुळांच्या कडेची पायवाट मोकळी आहे, तिथं रेतीचे टिप्पर येत नाहीत. होळीनंतर ऊन चढायच्या आत घरी यायचं, आपल्याकडं आठ वाजताचं ऊनही वैरी असतं. पावसाळ्यात काळी माती बुटाला धरते, तेव्हा डांबरी सडकच बरी. आणि पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी चालू असेल त्या बाजूला फिरकायचंच नाही. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं गेली. ते दिवस मी आरोग्य केंद्रात काढलेत, अजून तो वास नाकातून जात नाही. ताप असेल त्या दिवशी, आणि तो उतरल्यावरही काही दिवस, धावू नको. धावताना छातीत दुखलं, अंधारी आली, ठोके वेडेवाकडे झाले की तिथंच बसायचं आणि 108 लावायचा.

तू लिहिलंस, लोक म्हणतात हार्टचं ऑपरेशन झालेली पोरगी, आता कोण करून घेईल. म्हणून तू ओढणी गळ्यापर्यंत पिन करतेस आणि अंधारात धावतेस. हे वाचून मला रात्री झोप आली नाही. तुझं हृदय आता जन्माला आल्यापासून पहिल्यांदा धड चालतंय, आणि तू ते चोरासारखं लपवत फिरतेस! मी पहिल्यांदा ट्रॅकपँट घालून निघाले तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबली होती. आता त्यांच्यातले दोघं बीपी मोजायला माझ्याकडं येतात.

तुझ्या आईचं मला माहीत आहे. ऑपरेशनच्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर सहा तास बसली होती, पाणीही प्यायली नव्हती. फडफडीचं तिला आज सांग. ती रागावेल, रडेल, दोन दिवस धावायचं नाव काढू देणार नाही. तरी सांग.

रविवारी साडेपाचला फाटकापाशी ये. आपण फक्त चालणार आहोत. फाइल आण, डिस्चार्ज कार्ड मूळ असलेलं, झेरॉक्स नको. आणि आईलाही घेऊन ये. तिला म्हणावं, चपला नको, बूट घाल, पायवाटेला सराटे आहेत.

तुझी,
सिस्टर मावशी