सहावी ब आणि रात्री अकराच्या वह्या

प्रश्न : जूनपासून ठाण्यातल्या एका शाळेत सहावीला गणित शिकवते. वर्गात 54 मुलं. गोंगाट आवरत नाही, वह्या तपासता तपासता रात्रीचे अकरा वाजतात. मुख्याध्यापक म्हणतात, "जमेल हळूहळू." माझंच चुकतंय का?
– एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : नाही गं. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. शिवाय आठवड्याचे 45 तास ठरवलेत, ते पाठाची तयारी धरून. तुझ्या रात्रीच्या वह्या त्यात कुठे बसतात, ते तूच बघ.

मी 1984 साली नौपाड्यात रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पोरांनी खडूचा डबा लपवला. मी स्टाफरूममध्ये रडले. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी चहा पाजला आणि म्हणाल्या, "उद्या माझ्या तासाला मागच्या बाकावर बस." बसले. त्या ओरडत नव्हत्याच! फळ्यावर एक उदाहरण लिहून गप्प उभ्या राहायच्या. पोरं आपोआप वह्या उघडायची.

तुझ्याही शाळेत अशी एखादी बाई असेलच. मुख्याध्यापकांकडे नुसती 'मदत' मागू नकोस. आठवड्यातून एक मोकळा तास तिच्या वर्गात बसायला माग. तिलाही तुझ्या वर्गात बोलाव, पण शेरे मात्र नंतर, दोघीच असताना.

आणि सगळ्या वह्या रोज कशाला? रोज दहा-अकरा घे, आठवड्यात वर्ग संपतो. बाकीच्यांची उत्तरं फळ्यावर. ऐरोलीच्या गाडीत मात्र वह्या काढायच्या नाहीत, खिडकी मिळाली तर खाडी बघ.