जप्तीचे कॅन्टोनीज शब्द: 'खौ' ऐकून मी निर्धास्त झालो होतो

'जप्ती'साठी कॅन्टोनीजमधले (हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या चिनीतले) चार-पाच शब्द पाठ केलेत आणि सगळे एकसारखेच वाटतात, असं तुम्ही लिहिलंय. वाचून धस्स झालं. याच गोंधळात हाँगकाँगमधल्या माझ्या दुकानातला माल गेला.

शब्दापुढचे आकडे टोनचे, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराचे, ते तुम्हाला ठाऊकच असतील.

तेव्हा मी आईच्या आजारपणासाठी पुण्यात होतो, भाडं थकलं होतं. दुकानातल्या मुलाचा फोन आला: माल 'खौ३ आत्३' झालाय. 'चित्३ खौ३' म्हणजे सूट, 'खौ३ यन४ कुंग१' म्हणजे पगार कापणं, एवढं मला येत होतं. मला वाटलं, जागामालक अनामत रकमेतून भाडं कापून घेतोय. बरं झालं म्हणून फोन ठेवला. खरं तर कोर्टाच्या बेलिफाने मालावर टाच आणली होती. पैसे भरून तो सोडवता आला असता. मुदत गेली, लिलाव झाला. आणि ते 'आत्३' अक्षर मी रोज गहाणवटीच्या दुकानांच्या पाट्यांवर पाहत होतो!

परतल्यावर एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी तोच शब्द तीनदा, दर वेळी आवाज चढवून सांगितला. अर्थ एकदाही नाही. इंग्रजी तिथे आजही राजभाषा आहे, हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या (बेसिक लॉ, तिथली राज्यघटनाच म्हणा) ९व्या कलमात तसं लिहिलंय. तुम्ही न संकोचता इंग्रजी मागा. मी गप्प राहिलो, याची चीड अजून येते.

माझं स्पष्ट मत: इंग्रजी अर्थ घोकू नका, मराठीशी जोडा. 'खौ३ आत्३' म्हणजे टाच. वस्तू ताब्यात घेतली, पण अजून तुमचीच. 'छा४ फुंग१' म्हणजे सील ठोकणं. 'तुंग३ कित्३' म्हणजे खातं गोठवणं. 'मुत्६ सौ१' आणि 'छुंग१ कुंग१' ऐकलं तर वस्तू गेली, सरकारजमा. मी वकील नाही, हे फक्त शब्दांपुरतं. कागद हातात आला तर वकिलालाच दाखवा.

घर घेणार असाल तर 'तेंग१ खै३' हाही शब्द शिका. शब्दशः दस्ताला खिळा ठोकणं, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीवर बोजा चढवणं.

आणि 'खौ३'मधला ख नीट काढा, 'कौ३' म्हणजे 'पुरेसं'. क-ख आपल्या जिभेवर लहानपणापासून आहेत, तेवढं तरी आपल्याला सोपं आहे.