वाचक विचारतात: पहिली खेप आणि पोटात गोळा

प्रश्न: काकू, नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरात राहते, मला छत्तिसावा आठवडा लागलाय. आई तीन वर्षांपूर्वी गेली त्यामुळे बाळंतपण सासरीच होणार, सासूबाई चांगल्या आहेत पण त्यांना असलं सगळं विचारायची लाज वाटते. डॉक्टरकडे पाच मिनिटांत बाहेर. जाऊबाई म्हणतात कळा आल्या की लगेच धाव, शेजारच्या काकी म्हणतात लवकर गेलीस तर सिझरच करतील. नेमकं काय होतं ते कोणी धड सांगत नाही, नुसतं "होईल सगळं नीट" म्हणतात. मी ओरडले तर? मला जमलंच नाही तर? रात्री झोप लागत नाही.
— सुदामा नगरची पहिलटकरीण

उत्तर: अगं, तुझं पत्र वाचलं आणि मला माझी १९९२ची रात्र आठवली. तेव्हा आम्ही रामबागेत राहायचो आणि मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, होईल सगळं नीट. रात्री दहाला कळा सुरू झाल्या, रिक्षाने हॉस्पिटल गाठलं, आई आणि सासूबाई दोघी बाहेर बाकावर आणि मी आत लोखंडी पलंगावर एकटी, वर पंखा करकरतोय, आणि कोणी एवढंसुद्धा सांगितलं नाही की बाई ही अजून सुरुवात आहे, आठ-दहा तास सहज जातील. दरवेळी वाटायचं आता बाळ आलंच, मी श्वास धरून ताठ व्हायचे. एकदा ओरडले तर सिस्टर म्हणाल्या, तू काय जगात पहिलीच बाळंत होतेयस का. पहाटे केव्हातरी एक आयाबाई आल्या, त्यांनी मला कुशीवर वळवलं, मूठ माझ्या कमरेत माकडहाडाच्या जरा वर दाबून धरली आणि म्हणाल्या, "बेटा, सांस मत रोक. आई है तो जाएगी भी." पुढची कळ आली आणि खरंच गेली. त्यांच्या बांगड्या पाठीला टोचत होत्या, तेसुद्धा बरं वाटत होतं.

तर आता मी तुला ते सांगते जे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कळ चढते, टोकाला जाते, उतरते, सगळं मिळून साधारण मिनिटभर. मधल्या वेळात बहुतेक वेळा काही दुखत नाही, बायका चक्क डुलकी काढतात, तूही काढ. या कळांनी पिशवीचं तोंड पातळ होत होत दहा सेंटिमीटरपर्यंत उघडतं. पहिले चार-पाच सेंटिमीटर फार रेंगाळतात, पहिलटकरणीला अख्खा दिवस जाऊ शकतो, कधी त्याहून जास्त, आणि त्यात बिघडलेलं काही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलं की कळांचा खरा जोर पाच सेंटिमीटरपासून धरायचा, आणि तिथून पुढे पहिल्या खेपेला बहुधा बारा तासांच्या आत तोंड पूर्ण उघडतं. मग जोर लावायची वेळ, त्यालाही पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत लागू शकतात. म्हणून हॉस्पिटलमध्ये तपासून "अजून वेळ आहे, घरी जा" म्हणाले तर अपमान मानू नकोस, घरी ये, गरम पाण्याने आंघोळ कर, वरणभात खा, अंगणात चाल.

म्हणजे जाऊबाई आणि शेजारच्या काकी दोघींचं अर्धं अर्धं बरोबर आहे. सगळं ठीक असेल तर कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, असं तासभर चाललं की निघायचं (घर लांब असेल किंवा डॉक्टरांनी तुला वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐक). पण पाणी गेलं, आणि त्यातही ते हिरवट असलं, पाळीसारखं रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, गाडी नसेल तर १०८ लावायचा. आणि ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली असशील ना, तिच्यावर फार विसंबू नकोस, त्याच दिवशी जन्मणारं बाळ विसातलं एखादं.

ओरडावंसं वाटलं तर ओरड. लाज कसली. जमलं तर जाड आवाजात लांब हुंकार दे, श्वास मोकळा राहतो. जोर लावताना शी होते, बऱ्याच जणींना होते, सिस्टर न बोलता पुसून टाकतात, ह्याची भीती मुली महिनोन्महिने मनात ठेवतात म्हणून मुद्दाम लिहितेय. बाळ झाल्यावर हातपाय थडथड उडतात, मग वार पडते, बहुतेक वेळा अर्ध्या तासात, टाके पडू शकतात. आणि बाळ छातीवर ठेवलं की डोळ्यांत पाणी येईलच असं नाही. मला त्या क्षणी फक्त झोप आली होती, नंतर कित्येक दिवस मी स्वतःला दोष देत बसले. माया मागून आली, चौथ्या-पाचव्या दिवशी, दूध पाजताना.

"जमलंच नाही तर" म्हणजे सिझर झालं तर, असंच ना? बाळाचे ठोके घसरतात, तोंड उघडायचं थांबतं, बाळ आडवं असतं, तेव्हा सिझर जीव वाचवतं, त्यात तुझं न जमणं कुठे आलं? विचारायचं मात्र जरूर: कशासाठी करताय, थोडं थांबलं तर काय होईल, वेळ किती आहे. हे कळांमध्ये सुचत नाही, म्हणून नवऱ्याला आत्ताच पाठ करायला लाव. आणि पुढच्या व्हिजिटला पाच मिनिटं असली तरी एक विचार, आत माझ्याबरोबर कोण राहू शकतं? सरकारी हॉस्पिटलात घरची एक बाई सोबत असू द्यावी असं केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्येच सांगितलंय, खासगीत कुठे कुठे नवऱ्यालाही येऊ देतात.

ती सोबत सासूबाईंचीच का नसावी? लाज वाटते ना, मग तुझं काही विचारूच नकोस, दुपारी चहा घेताना त्यांना एवढंच विचार की आई, ह्यांच्या वेळी तुम्हाला काय काय झालं होतं. बघ त्या किती बोलतात. बोलून झालं की त्यांचा हात घे आणि कमरेत मूठ कुठे दाबायची ती जागा दाखवून ठेव.

प्रश्न: ताई, सुनेचे दिवस भरत आलेत. आमच्याकडे बाळाला आधी मध चाटवतात, बाळंतिणीला शेगडी देतात, पाणी बेताने देतात. सून म्हणते डॉक्टर सगळ्याला नाही म्हणतात. मग आम्ही केलं ते चुकलं का?
— एक सासूबाई, राजेंद्र नगर

उत्तर: ताई, तुम्ही केलंत ते मायेनेच केलंत. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावणं, सुनेला उठू न देता हातात ताट देणं, हे सगळं ठेवा, आजकालच्या मुलींना ह्याचीच खूप गरज आहे. पण मध नको, वर्षभर नको. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते पचतात, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. पहिल्या तासात आईचा पिवळट चीक द्या, थोडाच येतो पण बाळाला तेवढा पुरतो, आणि सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको. सुनेला मात्र पाणी भरपूर, दूध पाजणाऱ्या बाईला तहान लागतेच. शेगडीचं म्हणाल तर बंद खोलीत निखाऱ्यांचा वायू साठतो, त्याला वास नसतो, झोपेत आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी घ्या.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सून कारण नसताना रडली तर काय झालं रडायला म्हणू नका, जवळ बसा. दोन आठवड्यांच्या वर चाललं, किंवा ती बाळाकडे बघेनाशी झाली, तर डॉक्टरांना दाखवा, १४४१६ या सरकारी नंबरवरही बोलता येतं.

पाचवीला सटवाईपुढे मधाची वाटी जरूर ठेवा. बाळाच्या जिभेला तेवढी लावू नका.